कोरी पट्टी

फाईल जागेवर नाही हे सकाळी कळलं, आणि दुपारी तिची तारीख होती.

वाहतूक कोर्टात फायली हरवणं नवं नाही. पण ही हरवली तर एका टॅक्सीवाल्याच्या पोटावर पाय येणार होता. सिग्नल तोडल्याचा त्याच्यावर हा तिसरा गुन्हा, गेल्या वर्षीचा. शाबित झाला की लायसन्स कायमचं रद्द. त्याचं म्हणणं एकच होतं: मागे ॲम्ब्युलन्स अडकली होती, तिला वाट द्यायला मी पुढे सरकलो. सिग्नल कोर्टाच्या फाटकासमोरचाच. तिथल्या कॅमेऱ्यातली मूळ चित्रं केव्हाच पुसली गेली होती. खरंखोटं करायला उरला होता तो फाईलमधला एकुलता एक छापील फोटो.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चौकशी अधिकारी बाईंना बोलावलं. सगळं बारीक चाळून बघतात म्हणून कचेरीत त्यांना पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं. एकट्या राहणाऱ्या बाईला लोक आणखी काय काय म्हणतात, त्या मानाने चाळणी बरंच होतं.

रेकॉर्ड रूम तळघरात होती. छतापर्यंत रॅक, दिवसाही जळणारे दिवे, आणि टेबलापाशी नाना. नाना म्हणजे रेकॉर्डकीपर, निवृत्तीला टेकलेले. टेबलावर बिस्किटांचा उघडा पुडा, एक भिंग, आणि कडेला चपटा चौकोनी स्टीलचा डबा, घासून लख्ख केलेला.

“चष्मा नवा दिसतोय,” बाई म्हणाल्या.

“गेल्याच महिन्यात केला. आता मुंगीसुद्धा दिसते.”

“फाईल शेवटची कधी पाहिलीत?”

“कसं आठवणार? इथे हजारोंनी आहेत.”

“चावी कोणाकडे असते?”

“माझ्याकडे. पण दार दिवसभर उघडंच. वकील येतात, त्यांची माणसं येतात. मी कोणाकोणाकडे बघू?”

बाई रॅकपाशी गेल्या. फाईलच्या जागी लाल पुठ्ठ्याची पट्टी उभी होती. इथली पद्धतच ती: फाईल काढली की तिच्या जागी पट्टी ठेवायची आणि पट्टीवर नेणाऱ्याचं नाव लिहायचं. परत ठेवताना मग जागा शोधत बसावं लागत नाही. ही पट्टी कोरी होती. बाईंनी ती उलटून पाहिली आणि होती तशी ठेवून दिली.

ज्याने दंड ठोकला तो हवालदार वर व्हरांड्यात भेटला.

“फोटो कोर्टात आला तर तुम्ही तोंडघशी पडता. खरं ना?”

“पडेन की. ॲम्ब्युलन्स मला दिसली नाही, कबूल आहे. पण बाई, मी त्या तळघरात पाय ठेवत नाही. धुळीने शिंकून शिंकून जीव जातो. हवं ते नाना वर आणून देतात.” तो जरा जवळ सरकला. “त्यांना फार टोकू नका. गेल्या वर्षी बायको गेली, बसल्याबसल्या. तेव्हापासून माणूस धड बोलत नाही. घरचं जेवण तुटलं, बिस्किटांवर दिवस काढतो.”

टॅक्सीवाला बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात घट्ट धरलेलं लायसन्स.

“फाईल तुम्हीच गायब केलीत, असंही कोणी म्हणेल.”

“मी कशाला करू? तोच फोटो मला वाचवणार आहे.”

“दुसरा साक्षीदार?”

“क्रॉसिंगवर एक बाई होत्या, इकडे कोर्टाकडे यायला निघालेल्या. हातात डबा. मी पुढे आलो तशा थांबल्या आणि हात केला, जा म्हणून. त्यांना शोधायला किती दिवस फाटकाशी उभा राहिलो. पुन्हा काही दिसल्या नाहीत.”

बाईंनी वही मिटली. आपल्याला उत्तर सापडलं आहे हे त्यांना कळलं, आणि त्याचा आनंद मात्र झाला नाही.

“चला माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या.

तळघरात नाना बसल्या जागी होते. बाईंनी कोरी पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

“नाना, बाहेरच्या कोणी फाईल ढापली असती तर शेजारच्या फायली सरकवून जागा बुजवली असती. चोर पट्टी ठेवत नाही. ज्याच्या हाताला जन्मभराची सवय आहे, तोच ठेवतो. नाव तेवढं लिहवलं नाही तुमच्याने.”

नानांचा हात डब्याकडे गेला.

“मुंगी दिसते म्हणता, मग भिंग कशाला? आणि बिस्किटांवर दिवस काढता, तर हा डबा रोज कशाला आणता?”

नानांनी खणातून फाईल काढून ठेवली आणि डबा पुढे सरकवला. झाकण बाईंनीच उघडलं. आत धुतलेल्या रुमालात फोटो होता. टॅक्सी, तिच्यामागे ॲम्ब्युलन्स, अगदी स्पष्ट. आणि कोपऱ्यात, पांढऱ्या पट्ट्यांवर, नखाएवढी एक बाई.

“तारीख लागली म्हणून फाईल काढली,” नाना म्हणाले. “बघतो तर फोटोत ही. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी मुद्दाम डबा टाकून आलो. ती तो घेऊन उन्हातून आली. फाटकावरून निरोप आला, तर मी म्हटलं, शिपायाकडे दे म्हणावं. वर गेलोच नाही. संध्याकाळी घरी पोचलो, तेव्हा सगळं संपलं होतं.”

“झेरॉक्स काढायची होती.”

“काढली. तिच्यात नुसता डाग येतो. आणि निकाल लागला की फाईल रद्दीत, कागदाच्या लगद्याला जाणार.”

“आणि माझं लायसन्स?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“रोज ठरवायचो, उद्या परत ठेवीन. तुमचं काय होईल ते कळत होतं मला. तरी ठेववलं नाही.”

“घरी त्यांचे फोटो असतील ना?” बाईंनी विचारलं.

“आहेत. सगळ्यांत ती कॅमेऱ्याकडे बघतेय. ह्यात ती माझ्याकडे येतेय.” नानांनी भिंग उचललं आणि खाली ठेवलं. “रागात होती का, एवढंच बघायचं होतं. भिंगातूनही कळत नाही.”

दुपारी टॅक्सीवाला सुटला. हवालदाराने आपली चूक कोर्टापुढे मान्य केली. बाईंनी अहवाल लिहिला आणि त्यात नानांचं नाव घातलं. घालणं भागच होतं, पण लिहिताना त्यांना फार वाईट वाटलं.

अहवालाची प्रत द्यायला त्या तळघरात गेल्या, तर टॅक्सीवाला त्यांच्या आधी पोचला होता. नाना चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवत होते.

“काका,” टॅक्सीवाला म्हणाला, “तुमच्यावर मी चिडलोय. ते राहू दे. पण त्या बाई रागात नव्हत्या.”

नानांनी वर पाहिलं.

“आधी दचकल्या. मी कानाला हात लावून माफी मागितली, तशा हसल्या. डबा पोटाशी धरला आणि दुसऱ्या हाताने, जा बाबा, असं केलं.”

“हसली?”

“चांगल्या तोंड भरून.”

नानांनी चष्मा काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. बाई दारातच थांबल्या. त्यांच्या घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती.

“पुन्हा सांगता?” नाना म्हणाले. “पहिल्यापासून. ती फुटपाथवरून उतरली तिथून.”

टॅक्सीवाल्याने खुर्ची ओढून घेतली.