‘ऊठ’ ऐकायचं राहिलेला माणूस

चंदाबाईंनी भाकर-वरणाचं ताट गोठ्याच्या दारात ठेवलं आणि हाक न मारताच त्या माघारी वळल्या... मेलेल्या माणसाला कुणी जेवायला हाक मारतं का? त्यांच्या कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू होतं.

गोठ्यात त्यांचा नवरा शालिकराम बसला होता, त्यांच्या लेकीचा, दीपमालाचा बाप. सात वर्षांत तो एक शब्द बोलला नव्हता, घरात आला नव्हता. आणि गळ्यावरची ती गेरूची रेघ! किती पावसाळे गेले, तरी रोज सकाळी ती ओलीच दिसायची. घरात तर गेरूचा खडासुद्धा नव्हता.

दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावात दिवाळीनंतर भर दुपारी दंडारीचं लोकनाट्य व्हायचं आणि त्यातले दोन वीर दीपमालाच्याच घरातले असायचे. रुद्रसेन म्हणायचा, सोडलेला शत्रू उद्या दारात उभा राहतो, म्हणून मारावाच. मेघसेन म्हणायचा, ज्याला लढाई टाळता आली तोच जिंकला. दोघांच्याही गळ्यावर गेरूची रेघ ओढायची. जो पडेल त्याला उभा असलेला ‘मेलास’ म्हणेल नाहीतर ‘ऊठ’. ते ऐकल्याशिवाय पडलेल्यानं हलायचं नाही. मग एकमेकांची रेघ पुसून दोघांनी एका ताटात जेवायचं.

सात वर्षांपूर्वी मेघसेन झालेला शालिकराम धाकट्या भावासमोर, सूर्यभानसमोर, न लढताच आडवा झाला होता. सूर्यभानचा चेहरा काळवंडला. “मले जिंकाची भीक घालतं काय, भाऊ?” एवढं बोलून, दोन्हीपैकी काहीच न म्हणता, तो जीपमध्ये बसून अकोल्याला निघून गेला... आणि शालिकराम तिथंच पडून राहिला. लोकांनी उचलून आणलं ते नुसतं शरीर.

आज सूर्यभान परतला होता, रुद्रसेन व्हायला. समोर मेघसेन होती दीपमाला.

“आईवो, मी काकाले पाडीन,” ती कमरेला लाकडी तलवार बांधत म्हणाली, “आन काईच न बोलता घरी येईन. पडून राहू दे त्यालेबी.”

“असं नोको करू माय,” चंदाबाईंनी तिचा हात धरला. “एक ताट गोठ्यात नेता नेता सात वर्सं गेली माह्यी. दुसरं कोन नेईन?”

मैदानात ऊन पांढरं पडलं होतं. ढोलकीवाल्यानं हात उचलले, तरी ढोलकी थोडा वेळ वाजतच राहिली... की ते दीपमालाचं काळीज होतं? कडेला कडुनिंबाखाली, चंदाबाईंनी हाताला धरून आणलेला बाप पाठ करून बसला होता. तिनं पहिला वार उगारला आणि सूर्यभाननं तलवार टाकली. न लढताच तो तिच्या पायाशी आडवा झाला.

दीपमालाचं अंग पेटलं. मीही भिकारीण का? त्या क्षणी तिला काकाचा सात वर्षांपूर्वीचा राग पुरता कळला, आणि तो कळल्याचाच तिला भयंकर राग आला. ती वळली, चार पावलं चालली... आणि थांबली. आज तर काकाला रेघ ओढायची राहून गेली होती. मग खाली पडताना त्याच्या गळ्यावर तिला लाल काय दिसलं? ती मागे आली, तिनं वाकून बोट लावलं. बोट ओलं झालं.

“अकोल्यात रोज घासून राहिलो, माय,” सूर्यभान डोळे मिटूनच पुटपुटला. “जात नाई. तू जाय घरी. भाऊ पडला तसा मीबी पडतो.”

तिच्या आत सात वर्षं घट्ट बसलेलं काहीतरी विरघळत गेलं...

“उठा, काका.”

सूर्यभान उठला तो थेट कडुनिंबाकडे गेला आणि भावासमोर गुडघ्यांवर बसला.

“भाऊ... ऊठ न गा.”

शालिकरामनं मान वळवली. त्याचा अंगठा आधी सूर्यभानच्या गळ्यावर फिरला, मग सूर्यभानचा त्याच्या. दोन्ही रेघा कोरड्या भुकटीसारख्या झडल्या.

“चंदे,” गंजलेल्या कडीसारखा त्याचा आवाज निघाला, “ताट घरात वाढ. एकच.”