अंगवळणी पडलेली खोली

उरलेलं सामान सकाळी लावा आता. बसा दोघंही. सूनबाई, मघापासून तू त्या भिंतीला नाक लावून हुंगतेयस, ते बघून मला आमचा साबण आठवला.

साबण म्हणजे एक रंगारी. माझ्या दुकानातून रंग न्यायचा. खरं नाव कुणी घेत नसे. रंगाऱ्याचे हात कसे असतात, माहीत आहे ना? याचे हात बँकेतल्या कारकुनासारखे. पाणी प्यायला स्वतःचा पेला पिशवीत. पाहुण्यांकडे गेला तर खुर्चीवर आधी रुमाल अंथरायचा, मग टेकायचा. त्याची बायको म्हणायची, "आमच्याकडे झुरळंसुद्धा पाय पुसून आत येतात."

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुसरा शनिवार. एका घरमालकाच्या दोन खोल्या रंगवायच्या होत्या. सोमवारी नवा भाडेकरू यायचा होता आणि साबणाचं दिवसा दुसरीकडे काम चालू होतं. म्हणून त्यानं ठरवलं, रात्री जाऊन भिंती खरवडायच्या, रविवारी रंग मारायचा. खांद्यावर चढायचा लाकडी घोडा, हातात खरवडायची पट्टी आणि पॉलिश पेपर, पिशवीत डबा. निघाला.

त्या खोल्यांत एक म्हातारा कंपाउंडर राहायचा. एकटा. उंच, वाकलेला माणूस. सगळं आयुष्य तिथं काढलं आणि पंधरवड्यापूर्वी तिथंच गेला. मालकानं कपडे वगैरे उचलून नेले होते, पण खाट, गादी, टेबल आणि कपाट तसंच होतं.

साबणानं दार उघडलं आणि नाकाला रुमाल बांधला. मला म्हणाला, "शेठ, घाण बघायची सवय आहे मला. पण ती घाण एका माणसाच्या मापाची होती." म्हणजे कसं, तर खाटेच्या डोक्याकडं भिंतीवर तेलकट काळा गोल, डोकं टेकून टेकून झालेला. दाराच्या कडेला हाताचा चिकट पट्टा. गादीत एका कुशीचा खड्डा, मधोमध पिवळा, कडेला तपकिरी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेलाचा थर, त्यात माश्या चिकटून सुकलेल्या. मोरीच्या जाळीत पांढऱ्या केसांचा बोळा, त्याला शेवाळासारखं काहीतरी लागलेलं.

"काका, आजच सांगायचं होतं का हे?"

सूनबाई, आता सुरू केलंय तर ऐका दोघंही.

आधी त्यानं मोरी धुवायची ठरवलं. मोरीच्या दिव्याचं बटण कपाटामागं, हात वाकडा करून घालावा लागे अशा ठिकाणी. साबणाचा हात सरळ तिथं गेला. दिवा लागला. त्याला तेव्हा काही वाटलं नाही.

मग दोन खोल्यांमधून ये-जा सुरू झाली. मध्ये माळा होता, खाली उतरलेला. उंच माणसाला वाकावं लागेल असा. आमचा साबण माझ्या खांद्याला लागायचा. त्याच्या डोक्यावर हातभर जागा मोकळी राहायची. तरी तो वाकत होता. येताना वाकायचा, जाताना वाकायचा. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं. स्वतःशीच हसला आणि पुढच्या वेळी मुद्दाम ताठ गेला. त्याच्या पुढच्या वेळी परत वाकला.

डोक्याचा तो गोल खरवडायला घेतला. पट्टीवर मेणासारखा लगदा यायचा, मळकट, कोमट. कोमट, बरं का. खालचा चुना लागेपर्यंत खरवडला. घाम पुसून बघतो तर चुन्यावर पुन्हा ओलसर डाग उमटलेला.

त्यानं म्हटलं, आधी जेवून घेऊ. टेबलावर रुमाल अंथरून डबा उघडला. उजव्या हातानं खात होता. डावा हात टेबलाच्या कडेखाली होता. बोटांना काहीतरी खरखरीत लागत होतं, सुकलेले कण, ओळीनं चिकटवलेले. बोटं त्यावरून फिरत होती, माणूस आपल्याच दाढीवरून हात फिरवतो तशी. मग त्यानं दातात अडकलेलं नखानं काढलं. आणि ते टेबलाखाली पुसलं.

थांबला.

वाकून खाली बघितलं. सगळ्या वाळलेल्या कणांच्या शेवटी एक ओला होता. त्याचा.

मोरीकडं धावला, ओकला. ओकारी संपली, तर घशातून खाकरा निघाला. लांब, खरखरीत, तीन टप्प्यांत. त्याचा नव्हता तो आवाज. खाकरला आणि मोरीच्या कोपऱ्यात थुंकला. हा माणूस, जो रस्त्यावरसुद्धा कधी थुंकला नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या बाईचा आवाज आला. भिंतीपलीकडून, झोपेतला.

"भाऊजी, पुन्हा सुरू झालं का तुमचं? गरम पाणी देऊ का?"

"नको वहिनी, झोपा तुम्ही."

पटकन, सहज बोलून गेला.

साबणानं त्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं.

मग अगदी हळू आवाज आला... "कोण आहे तिथं?"

त्याला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं. पण... कोण, ते सुचेना.

पलीकडं कडी घातल्याचा आवाज. मग खुर्ची सरकवून दाराला लावल्याचा.

पुढचं त्याला तुटक आठवतं. आपण खाटेवर आहोत. गादीच्या खड्ड्यात. कुशीवर. डोकं भिंतीच्या त्या ओल्या गोलाला टेकलेलं. गादी दमट, वास नाकातोंडात. आणि सगळ्यात किळसवाणं काय, सांगू? त्याला बरं वाटत होतं. दिवसभर राबून घरी आल्यासारखं.

मग त्यानं स्वतःचं घर आठवून बघितलं. बायकोचा चेहरा आला. पण तिच्या मागं काही येईना. मोरी डावीकडं की उजवीकडं? खिडकी आहे का? आपण झोपतो कुठं? जे आठवू जाई, तिथं ही खोली येई. हे टेबल. ही खाट.

ओठ चाटले. खारट लागले...

फोन वाजला.

कितीतरी वेळ वाजत होता म्हणे. त्यानं उचलला. बायको.

"अहो, दुधाचं छोटं पातेलं कुठं ठेवलंत? घासून तुम्हीच ठेवता ना."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना?"

"...कुठं ठेवतो मी?"

"आता मलाच विचारा. हां, सापडलं. खिडकीतल्या फळीवर, तुमच्या दाढीच्या आरशाशेजारी."

फळी. आरसा. तेवढं त्याला दिसलं. त्यानं एक पाय जमिनीवर टेकला.

"बोलत राहा," तो म्हणाला. "घरात अजून काय आहे, सांग."

"काय झालंय तुम्हाला?"

"सांग गं. मोरी कुठं आहे?"

ती बाई शहाणी. आवाजावरूनच ओळखलं तिनं. पुढं एक प्रश्न केला नाही. "मोरी उजवीकडं," म्हणाली. "बाहेर निळी बादली. तुम्ही नवी कडी लावलेली. दाराशी पायपुसणं, माझ्या जुन्या साडीचं..." ती सांगत गेली आणि हा एकेक पाऊल टाकत गेला. माळ्याखालून... वाकून. दार. जिना. खाली रस्त्यावर आला, तेव्हा ती चपलांच्या फळीपर्यंत पोचली होती. घोडा, पट्टी, डबा, सगळं वर राहिलं. दारसुद्धा त्यानं नुसतं ओढून घेतलं.

घरी जाऊन अंग घासलं. इतकं, की मानेवरची कातडी सोलली. हल्ली बरा आहे. फक्त रोज झोपण्याआधी बायको त्याला घर सांगते. हळू आवाजात, एका टोकापासून.

सामान आणायला दुसऱ्या दिवशी मी गेलो. मालक बरोबर होता. खोलीत सगळं तसंच. मी घोडा उचलला. मालक मोरीत डोकावला आणि जागच्या जागी उभा राहिला.

मोरीच्या कट्ट्यावर काचेचा पेला. गढूळ पाण्यात एक कवळी. दातांच्या फटीत अन्न, ताजं.

"कंपाउंडरची का?" मी विचारलं.

मालक एक पाऊल मागं सरकला. मग म्हणाला, "ती त्यांच्या तोंडातच होती हो, चितेवर ठेवलं तेव्हा. मी स्वतः बघितलंय."

आम्ही पेल्याकडं बघत राहिलो. कट्ट्याला दोघांपैकी कुणाचाही हात लागला नव्हता.

पाणी अजून हलत होतं.