बारावा खांदा

सानगडीच्या तेंदूपत्त्याच्या गोदामात टेकचंदचं काम साधं होतं. सकाळी बारा बाया मोजून आत सोडायच्या, संध्याकाळी मोजून बाहेर काढायच्या. १९८१चा मे महिना. त्या दुपारी तो दाराशी बसून माठातलं पाणी पीत होता.

पूर्वी तो नौदलात लीडिंग सीमन होता. नऊ खलाशांचा म्होरक्या. हुकूम अधिकारी देतो. पण धुरातून माणसं बाहेर काढणं, दाराशी उभं राहून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत मोजणं आणि शेवटी "सगळे बाहेर" म्हणणं, हे म्होरक्याचं काम. त्या दोन शब्दांवर आग कोंडायला लोखंडी दार लागतं. बहात्तर साली जहाजावरच्या रंगाच्या कोठीला आग लागली, तेव्हा त्यानं नऊ खांदे मोजले आणि ते दोन शब्द उच्चारले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर त्याच नऊ जणांतला कोंढ्याचा सेवकराम आतून दाराला टेकून बसलेला, मेलेला.

चौकशी झाली. दार लावायची घाई करणाऱ्या साहेबाला कुणी हटकलं नाही. त्याला बढती मिळाली. टेकचंदच्या बाहीवरचा हुद्द्याचा नांगर तेवढा उसवला गेला. कागदावर लिहिलं, मोजण्यात चूक. मग नवव्यांदा हात पडला तो कुणाच्या खांद्यावर, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. पुढे टेकचंदनंही विचारायचं सोडलं. जेवण जात होतं, झोप लागत होती. रडू तेवढं कधी आलं नाही.

आधी वास आला. मग कोपऱ्यातल्या पोत्यांमधून पिवळा धूर सरपटत निघाला.

"निंगा बाहेर! एकामागं एक!"

तो दाराशी उभा राहिला. हात आपोआप उचलला गेला. बाया खोकत, पदर तोंडाला लावून बाहेर पडू लागल्या. एक... दोन... घामानं चिकट, तापलेले खांदे. दहा... अकरा...

बारावा खांदा गार होता. विहिरीतल्या दगडासारखा.

"झाल्या ना बारा?" मुनीम ओरडला. "लाव दार! हवा लागली तं सारा पत्ता जाईल!"

"थांबा."

"मोजल्या ना तू?"

"मोजल्या."

"मंग?"

टेकचंदनं ते दोन शब्द उच्चारले नाहीत. मुनिमाकडे पाठ करून त्यानं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. शकुंतलाबाई... हो. ललिताबाई... हाय जी. गोदावरीबाई... रंभाबाई...

कुणी ओ दिली नाही.

"रंभाबाई!"

तो आत शिरला. मागं मुनीम शिव्या देत होता. धुरात काही दिसत नव्हतं. भिंत चाचपत तो पार टोकाला गेला. पोत्यांच्या आड ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिला खांद्यावर टाकून तो बाहेर आला, तशी मुनिमानं धाडकन कडी घातली.

कडुनिंबाखाली तिला निजवलं. तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. बंद दाराकडे बघत म्हणाली,

"टेकचंदभाऊ... त्याले काहून कोंडलं?"

"कोणाले?"

"माह्या बाजूले बसला होता ना तो... मी रडत होती, तं माह्या हातावर हात ठेवला त्यानं. म्हणे, दार लागलं तरी भिऊ नको, मावशी... सवय होते."