दवात भिजलेलं चऱ्हाट

गंगाखेडपासून नांदेडच्या घाटापर्यंत गोदावरी एकटीनं वल्हवत पार करायची, असा आरतीचा बेत होता. रेणापूरच्या शाळेत पोरांना खेळ शिकवणाऱ्या या बाईनं त्यासाठी वर्षभर हात कमावले होते. तिचे वडील पंचाक्षरी अप्पा काठाकाठानं ओम्नी हाकत, रोज संध्याकाळी तिला गाठत.

चौथ्या सकाळी बंधारा आडवा आला. खाली नुसते खडक! कयाक, म्हणजे तिची ती एकटीपुरती निमुळती होडी, गाडीच्या टपावर चढवायची, बारा किलोमीटर पुढं न्यायची, की पुन्हा पाणी. मग संध्याकाळपर्यंत नांदेड!

पौषातली थंडी. नदीवर धुकं गोधडीसारखं पसरलेलं, आणि कयाकला हात लावला की बोटं चिकटतात की काय असं वाटे.

अप्पांचा उजवा हात महिनाभरापासून खांद्याच्या वर जात नव्हता. हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं होतं, देवालाही सांगितलं होतं. लेकीला तेवढं नाही. तिला कळलं असतं तर ती घरातून निघालीच नसती.

"अप्पा, पुढून धरता का मागून?"

"कुठूनबी. मला काय झालंय?"

डाव्या हातानं आणि मोठ्या आवाजानं त्यांनी आपली बाजू वर नेली. आरतीनं बांधायला पिशवीतून पट्टे काढले, तर अप्पांना त्यात आपला अपमान वाटला.

"हे काय, दप्तराचे बंद? माझं चऱ्हाट आण. कडब्याच्या गाड्या बांधल्यात ह्यानं. एक पेंढी न्हाई पडली कधी!"

रात्रभर टपावर राहिलेलं सुती चऱ्हाट दवानं ओलंचिंब होतं. आवळलं तसं वीणेच्या तारेसारखं ताठ बसलं. अप्पा खूश.

एक गोष्ट मात्र ते विसरले. कडबा भरतात तो उन्हाळ्यात, कोरड्या चऱ्हाटानं.

खड्ड्याखड्ड्यांच्या कच्च्या वाटेनं गाडी हळूहळू निघाली. धुकं फाटलं, ऊन पडलं, वारा लागला. पाऊण तासात चऱ्हाट वाळलं आणि ढिलं पडलं. नेमका तेव्हाच ओढ्याचा उतार आला!

अप्पांनी ब्रेक दाबला. कयाक सुटली! सर्रकन पुढं आली. काच झाकली गेली. समोर दिसेना! डावीकडं खोल घळ!

आरतीनं हँडब्रेक ओढला. गाडी घसरली. थांबली. चाकाखालचे दगड गडगडत खाली गेले.

"अप्पा, तोंड धरा! मी शेपूट धरते!"

अप्पा धावले. डावा हात वर गेला. उजवा गेलाच नाही! मग त्या माणसानं काय करावं? माकडटोपीसकट डोकंच कयाकखाली घातलं आणि पाय रोवून उभा राहिला.

आरतीनं मागून ओढून कयाक टपावर घेतली, चऱ्हाटाला पीळ देऊन ती अडकवली आणि पुढं आली. अप्पांचा उजवा हात मांडीशी लोंबत होता.

"कधीपासून?"

"आत्ताच. लचकला जरा."

"अप्पा."

"...महिना झाला."

त्यांच्या अंगावरची घोंगडी काढून तिनं त्या खांद्यावर चौघडी करून ठेवली, वरून मफलरनं बांधली. मग पट्टे काढले आणि कयाक एकटीनंच आवळली.

अर्ध्या तासानं पुन्हा पाणी लागलं. रुंद, निळं, संथ. अप्पांनी गाडी थांबवली.

"उतर. संध्याकाळी घाटावर येतो मी."

आरती नदीकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात काखेत घातले.

"बोटं वाकंनात माझी. लई गारठलीत. रस्त्यानंच जाऊ, तिथं दवाखाना बी गाठता येईल. सरका, मी चालवते."

हीच बोटं आत्ता पट्टे आवळताना कशी झरझर चालत होती, ते अप्पांनी पाहिलं होतं. पण त्यांनीही महिनाभर लपवलंच होतं. तेव्हा बोलायला तोंड कुठलं!

"तुझी नदी राहिली की, पोरी."

"नदी कुठं जाऊन राहिली? उन्हाळ्याआधी येऊ. तुम्ही दोन्ही हातांनी चढवाल तेव्हा."

अप्पा शेजारच्या जागेवर सरकले. गाडी वळली तसं त्यांनी काचेतून मान बाहेर काढून टपाकडं पाहिलं. पट्टे जागचे हलले नव्हते.

"बंद बरे हायेत तुझे," ते म्हणाले.