सहाव्या चॅनेलवरची पट्टी

खोटं वाटलं तर विसरवाडीला जा आणि निजामला विचारा. तो चिडेल. पण "असं काही झालंच नाही" असं म्हणणार नाही.

हायवेलगत त्याचं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मंगळवार, भर दुपारचे दोन.

त्या सकाळी डोंगराकडच्या गावातून ग्रेसी त्यांच्या चर्चचा छोटा मिक्सर घेऊन आली होती. सहा चॅनेलचा. तिचा नवरा इमॅन्युएल तो चालवायचा. सात महिन्यांपूर्वी घाटात मोटरसायकल घसरली आणि तो गेला.

"खरखर करी ऱ्हायना, निजामभाऊ. सर्व साफ करा. फक्त हाई पट्टी काढू नका."

सहाव्या चॅनेलचा फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकती खुंटी, तिने पार खाली ओढून चिकटपट्टीने दाबून टाकली होती.

निजामने मान डोलावली. पण निजाम तो निजामच. अर्धवट साफ केलेलं मशीन त्याच्या डोळ्यांत खुपतं.

पाच फेडर झाले. सहाव्याची पट्टी त्याने अलगद सोलली. स्प्रे मारला, खुंटी वरखाली केली, पुसली. मिक्सर चालू करून हेडफोन कानाला लावला.

खरखर गेली होती.

माइक जोडलेला नव्हता. एकही नाही.

तरी सहाव्याचा हिरवा दिवा... लुकलुकला.

त्याने फेडर जरासा वर सरकवला.

श्वास. कुणीतरी माइकजवळ तोंड आणल्यासारखा.

मग... "हॅलो. एक... दोन... तीन..."

पुढे काही नाही.

पुन्हा. "एक... दोन... तीन..."

पुन्हा शांतता. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

बावीस वर्षं निजामचं हेच काम. माइकवाल्याने मोजायचं, लांब उभ्या असलेल्याने पुढचा आकडा द्यायचा. ऐकू आलं, आता बस कर, असा त्याचा अर्थ. जित्याची खोड. त्याच्या तोंडून निघून गेलं...

"चार."

हेडफोनमध्ये कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

टक्.

दिवा विझला.

संध्याकाळी ग्रेसी आली. पट्टी नाही, हे तिने आधी पाहिलं. हेडफोन लावला. सहावा फेडर वर केला. खाली आणून पुन्हा वर केला.

"तुम्ही चार म्हनात का?"

निजामला खोटं बोलवेना.

"तो मोजे, मी मांगला बाकवरथून चार म्हनू. मंग तो बंद करीसन निघे." तिने हेडफोन खाली ठेवला. "दर रविवारे, सर्वा गयात का पट्टी उचलीसन आयकू मी. सात महिना चार तोंडमा धरी ठेवा. मी चार म्हनं का तो जाई, माले माहीत व्हतं."

ती रडली नाही. मिक्सर ओढणीत गुंडाळून बसस्टँडकडे गेली. निजामला मात्र आपल्या हातून चोरी झाल्यासारखं वाटलं. आजही वाटतं.

तेव्हापासून तो माइक तपासताना तीनपर्यंतच मोजतो.

गेल्या बुधवारी एका लग्नाच्या बँडचा मिक्सर आला होता. दुकानात तो एकटाच. माइक हातात घेऊन त्याने मोजलं. एक... दोन... तीन.

थांबला.

हेडफोनमध्ये हळूच आवाज आला...

"चार."

आवाज तोच होता. इमॅन्युएलचा.

ग्रेसीला सांगावं म्हणून निजाम रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. तिला आनंद होईल कदाचित. पण त्याला रात्रंदिवस वेगळीच गोष्ट कुरतडते आहे.

यावेळी मोजणारा निजाम होता. आणि मागून चार आलं, की मोजणाऱ्याने बंद करून निघायचं असतं.