उसनी पट्टी

शिट्टी वाजायच्या आधी कबड्डी संघाच्या प्रशिक्षक शालनताईंनी पोरींच्या छातीकडे पाहिलं. जर्सीखालून सातही हिरवे ठिपके चमकत होते. चला, सुटलो एकदाचे! अंगाला चिकटवलेली ही श्वासपट्टी फुप्फुसाचा नि हृदयाचा आवाज सतत ऐकत राहायची. चढाईत दम घुमवणं वेगळं नि दम लागणं वेगळं, हेही तिला कळायचं. काही बिनसलं की ठिपका लाल व्हायचा आणि ताईंच्या कानातल्या यंत्रात त्या पोरीचं नाव यायचं.

ताईंचा नियम मात्र कडक. एकदा लाल झाली की अख्ख्या स्पर्धेतून बाहेर. रडारड चालायची नाही.

उपांत्य सामना रंगात आला. दम्याचा त्रास असलेली केतकी चढाईला गेली, तोच ताईंच्या कानात आवाज आला, "केतकी. धोका."

ताई पंप घेऊन धावल्याच. पण केतकी तर खणखणीत "कबड्डी, कबड्डी" घुमवत होती, ठिपका हिरवागार! मग लाल कोण? कोपऱ्यात उभ्या रेश्मा मुलाणीच्या छातीवर लाल उजेड लुकलुकत होता.

"टाइम-आउट!" ताई ओरडल्या. "रेश्मा, बस खाली. हलायचं नाही."

"मला काय धाड भरलीय, ताई?" रेश्मा हसली. ओठ मात्र पांढरे पडले होते.

केतकीला रडू फुटलं. "आम्ही पट्ट्या बदलल्या, ताई. हिची कधीच लाल होत नाही. मी पंप घेतला होता, बरी होते, तरी वाटलं तुम्ही काढाल..."

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, "रेश्माच्या हृदयाच्या ठोक्यात जन्मापासून गडबड आहे. धडधाकट पोरींच्या पट्ट्या आपण ढोबळ लावतो, तिच्या स्वतःच्या पट्टीला हे ऐकूच आलं नसतं. केतकीची दम्यामुळे हळवी लावलेली, बारीक बिघाडही टिपणारी, म्हणून कळलं. वेळेत आणलंत. उपचारानंतर ती पुन्हा खेळेल."

ताईंना दोघींच्या पाठीत एकेक धपाटा घालावा असं वाटत होतं आणि दोघींना पोटाशीही धरावंसं वाटत होतं. आपल्याच धाकानं पोरी लपवायला शिकल्या, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

त्याच आठवड्यात सगळ्या पट्ट्या हळव्या झाल्या. काही महिन्यांनी उपचारानंतर मैदानावर परतलेल्या रेश्मानं आपली पट्टी स्वतःच चिकटवली आणि ताईंकडे बघत हळूच विचारलं,

"ताई, लाल व्हायच्या आधी मीच येऊन सांगितलं, तर बरं वाटल्यावर मला परत खेळवाल ना?"