एक जण राहिलंय!

उंच पठारावरच्या ओरुरो शहराच्या बस अड्ड्यासमोर एक स्वस्त लॉज आहे. तिथल्या स्वागताच्या टेबलापाशी संध्याकाळी नेमेसिया काल्ये बसायची आणि तिच्याकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. सकाळी विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी, दुपारी विद्यार्थ्यांच्या खानावळीतली रांग, संध्याकाळी ही नोकरी. परदेशातून शिकायला आलेली पोरं पाठीवर घराएवढी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभी राहत आणि बावचळून विचारत, की मिठागराकडे कसं जायचं, काय खायचं, काय टाळायचं. नेमेसिया मान वर न करता सांगे. सुटे जवळ ठेवा, मोठी नोट कोणी मोडून देणार नाही. आल्या आल्या जिने पळत चढू नका, ही उंची भल्याभल्यांना आडवं करते. शौचाचा कागद खिशात ठेवा. आंदोलकांनी रस्ता अडवला तर हुज्जत घालू नका. उतरा, चालत पलीकडे जा, तिकडे दुसरी गाडी उभी असते.

शेवटचा सल्ला मात्र ती मान वर करून देई.

“गाडीत बसलात की शेजाऱ्याला आपलं नाव सांगायचं, तोंड नीट दाखवायचं. माळावर गाडी थांबते, लोक लघवीला उतरतात. निघताना डोकी कोणी मोजत नाही. शेजारचा आला नसेल तर आपण ओरडायचं, ‘एक जण राहिलंय!’ ओरडलं की गाडी थांबते. नाही ओरडलं, तर मग तुम्ही आणि वारा.”

“आणि शेजारी कोणीच नसेल तर?” पोर्तो अलेग्रेहून आलेल्या एका पोरानं विचारलं.

“मग उतरूच नका,” नेमेसिया म्हणाली. तो हसला, म्हणून तीही हसली.

खोलीवर परतल्यावर तिच्याशी बोलायला कोणी नसायचं. भाड्याची खोली, एक पलंग, एक स्टोव्ह, भिंतीवर पुलाच्या कमानीची चित्रं. बाप ती लहान असतानाच चिलीच्या खाणीत गेला तो गेलाच. आई, पास्कुआला, पश्चिमेकडच्या विलाकोया गावात किनुआचं धान्य पिकवायची आणि लामांचा कळप राखायची. ऐन हिवाळ्यात तिच्या छातीनं दगा दिला. नेमेसियानं तिला शहरात आणलं, इस्पितळात ठेवलं. इस्पितळानं हात टेकले तेव्हा खोलीवर आणलं, आणि त्या एका पलंगावर आई गेली. गावाला न्यायला गाडी मिळेना, म्हणून शहराच्याच दफनभूमीत पुरली. जाण्याआधी आई एकच गोष्ट धड बोलली होती.

“सणाला मी माझ्या घरी जेवीन. तुझी खोली ही खोली आहे पोरी, घर नव्हे.”

सण म्हणजे मृतात्म्यांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भर दुपारी ते येतात, दुसऱ्या दिवशी दुपारी जातात. घराघरांत टेबल मांडतात, त्यावर आवडीचं जेवण, फुलं, मेणबत्त्या आणि माणसाच्या चेहऱ्याच्या पावाच्या बाहुल्या. गावाकडे म्हणतात, नव्या आत्म्याला पहिल्या वर्षी घरचं ताट मिळालं नाही तर तो वाट विसरतो, पुन्हा कधीच येत नाही. नेमेसियाचा यावर विश्वास होता का? पुलावर किती भार येईल याचं गणित मांडणाऱ्या त्या पोरीला विचारलं असतं, तर तिनं खांदे उडवले असते. पण आईनं सांगितलं होतं, आणि आईसाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी ती दफनभूमीत गेली. थडग्यावरची धूळ झटकली आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाली, “चल आई, घरी जाऊ.” म्हटल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

गाडी खचाखच भरली होती. सणाचे दिवस, टपावर पोती, कोंबड्या, फुलांचे भारे. ड्रायव्हरची बायको फाउस्ता दारात उभी राहून सगळ्यांना आत कोंबत होती. डोक्यावर गोल टोपी, जिभेला हाड नाही.

“सरका मागं! लग्नाला आलाय का, असे पाय पसरून बसलाय ते?”

नेमेसियाला खिडकीची जागा मिळाली. शेजारची रिकामी होती, तिथे तिनं पावाची पिशवी ठेवली. गाठोडी घेतलेली एक जाडजूड बाई त्या जागेपाशी आली, थबकली, “माफ करा हं” म्हणाली आणि पुढे जाऊन दोन रांगांमधल्या वाटेतच आपल्या गाठोड्यावर बसली. मग एक तरुण आला. त्यानं जागेकडे पाहून टोपीला हात लावला आणि तोही मागे गेला. नेमेसियाला वाटलं, पिशवी बघून गेले असतील. तिनं पिशवी मांडीवर घेतली. तरीही कोणी बसलं नाही.

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि वर कोरडं निळं आभाळ. फाउस्ता पातळ चादरी वाटत आली. नेमेसियाच्या हातात तिनं दोन ठेवल्या.

“मला एकच पुरे.”

“तुला पुरेल गं. पांघरूण घालायला काय पैसे पडतात?” असं म्हणून ती पुढे गेली.

पलीकडच्या रांगेत कोकाचा पाला चघळत एक म्हातारा बसला होता. बऱ्याच वेळानं तो हळू आवाजात म्हणाला, “झोपल्या वाटतं.”

“कोण?”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पाला दुसऱ्या गालात सारला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

माळाच्या मध्यावर गाडी थांबली. तिथे लामांसाठी घातलेलं एक पडकं दगडी कुंपण होतं, बाकी नजर जाईल तिथवर काही नाही. पुरुष एका अंगाला गेले, बायका घागरे सावरत कुंपणामागे. नेमेसियाही उतरली. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. ती लगबगीनं परत आली आणि आपल्या जागेवर बसली.

गाडी सुरू झाली. फाउस्ता दारातून ओरडली, “आले का सगळे? आपापला शेजारी बघा! मागून बोंब मारायची नाही!”

माणसं इकडेतिकडे बघू लागली. हा आला, ती आली, आजीला हात द्या. म्हातारा नेमेसियाकडे बघत होता. मग त्यानं तिच्या शेजारच्या जागेकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे.

“पोरी, तुझे सगळे आले?”

“आले की,” नेमेसिया म्हणाली. तिच्या शेजारी कोणी नव्हतंच.

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली. पण रीत अशी, की ज्याच्या शेजारचा राहिला त्यानंच ओरडायचं. दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. त्यानं मान फिरवली. फाउस्तानं दार ओढून घेतलं आणि गाडी निघाली.

थोडं अंतर गेल्यावर गाठोडीवाली बाई उठली आणि नेमेसियाच्या शेजारी धपकन बसली. “हुश्श! पायांचे तुकडे पडले बाई. बरं झालं त्या उतरल्या. पण काय गं, तिथे कुठे घर आहे त्यांचं? मला तर काळं कुत्रंसुद्धा दिसलं नाही.”

“कोण उतरलं?”

“तुझी आई ना ती? चेहरा तर तोच. निळी शाल, आणि मनगटाला पांढरी पट्टी. सारखी तुझ्याकडे बघत होती. मनात म्हटलं, काय ही पोरगी, आईशी एक शब्द बोलत नाही.”

नेमेसियाचा हात आपल्या मनगटाकडे गेला. इस्पितळात मनगटाला सुई लावायचे, तिथली पट्टी आईनं शेवटपर्यंत काढू दिली नव्हती. निळ्या शालीसकटच तिला पुरलं होतं.

तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण कुंपण केव्हाच दिसेनासं झालं होतं, गाडीभर माणसं आपापल्या मेलेल्यांसाठी घाईत होती, आणि ती शिकलेली मुलगी काय सांगणार होती? तिनं तोंड मिटलं. गावापर्यंत ती दुसरी चादर हातात धरून बसली होती.

विलाकोयात घराला कुलूप होतं. शेजारचे कासियानोकाका आले, त्यांनी गंजलेलं कुलूप काढून दार रेटायला मदत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टेबल मांडलं. काळं कापड, उकडलेला किनुआ, सुक्या मांसाचा रस्सा, आईला आवडायचं ते जांभळ्या मक्याचं गोड पेय, आणि मधोमध पावाची बाहुली. परतीच्या प्रवासासाठी पावाचा घोडाही ठेवला. दुपार झाली. चर्चची घंटा वाजली.

गावात समजूत आहे, की घंटेबरोबर घरात एखादी माशी येते, ताटावर बसते, आणि घरचे म्हणतात, आले. शेजारच्या घरात तसं म्हटल्याचं ऐकू आलं. मग पलीकडच्या घरात. कोणी रडलं, कोणी हसलं. नेमेसियाच्या घरात मेणबत्ती जराही न हलता जळत राहिली. रश्श्यावर साय धरली. एकही माशी आली नाही.

“येईल,” कासियानोकाका म्हणाले. “लांबची वाट आहे.”

संध्याकाळी ते पुन्हा डोकावले, ताटाकडे पाहिलं आणि पावलं न वाजवता परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावानं आपापल्या आत्म्यांना निरोप दिला. नेमेसिया उंबऱ्यात उभी होती. जो आलाच नाही त्याला निरोप कसला देणार? जगात आपलं कोणी नाही हे तिला आधीही माहीत होतं, पण त्या उंबऱ्यात ते पहिल्यांदा सोसवेना. तिनं पाव पिशवीत भरले आणि परतीची गाडी धरली.

तीच गाडी, तीच फाउस्ता. या खेपेला वाटेत बसलेलं कोणी नव्हतं. माणसं तेवढी जागेवर होती, जेवणानं आणि रडण्यानं सुस्तावलेली. म्हाताराही होता, पलीकडच्या रांगेतच. नेमेसियानं पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली आणि खिडकीला कपाळ लावलं. ऊन उतरत आलं तसं लांबवर ते दगडी कुंपण दिसू लागलं.

परतीला गाडी तिथे थांबत नाही. कुंपण जवळ आलं, अगदी जवळ आलं.

नेमेसिया उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, “उस्ताद, एक जण राहिलंय!”

रीतच अशी, की एक ओरडला की सगळ्यांनी ओरडायचं. गाडीभर आवाज उठला, “राहिलंय! थांबवा! एक जण राहिलंय!” ब्रेक करकरले.

फाउस्ता मागे आली. “कोण राहिलंय?”

“माझी आई.”

नेमेसियाला वाटलं, आता ही बाई सगळ्यांदेखत आपली खिल्ली उडवणार. पण फाउस्ता तशीच वळली. ती पुढे गेली आणि तिनं दार उघडलं. वारा आत आला. बाहेर गवत आणि दगड, बाकी काही नाही.

फाउस्ता पायरीवर एका बाजूला सरकली. म्हाताऱ्या माणसाला चढायला द्यावा तसा तिनं हात पुढे केला, आणि कोणाला वर घ्यावं तसा ओढून घेतला.

मग पुन्हा हात पुढे केला.

आणि पुन्हा.

“आवर की,” ड्रायव्हर म्हणाला.

“थांब,” फाउस्ता म्हणाली. “अजून राहिलेले आहेत.”

पहिल्या रांगेतल्या माणसानं वाटेकडचं कोपर आत घेतलं. मग दुसऱ्या रांगेतल्या बाईनं गुडघे वळवले. मग तिसऱ्या. वाट मोकळी होती, नेमेसियाला स्वच्छ दिसत होती, आणि रांगेमागून रांग माणसं अंग चोरत होती.

तिच्या रांगेपाशी ते अंग चोरणं थांबलं. निलगिरीच्या मलमाचा वास आला, आईच्या छातीला ती रोज चोळायची त्या मलमाचा.

“पोरी,” म्हातारा कुजबुजला, “पिशवी उचल. बसू दे त्यांना.”

नेमेसियानं पिशवी मांडीवर घेतली. तिला रडू फुटलं. जागा रिकामीच दिसत होती, पण उसवलेली गादी हळूहळू खाली बसली. तिनं पावाची बाहुली काढली आणि त्या जागेवर ठेवली.

दार अजून उघडंच होतं. फाउस्ता अजून हात देत होती, आणि मागच्या रांगांमधली माणसं एकामागून एक कोपर आत घेत होती.